झारी, सळई आणि टूसॉनची झुडपे

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथे राहायला आल्यानंतर पहिल्याच उन्हाळ्यात मी टेक्सास सेजची दोन झुडपे पाणी घालून मारली. सोलापुरात वाढलेल्या माणसाला पाण्याचे वेगळे शिक्षण लागत नाही, असा माझा समज होता. परंतु रोज संध्याकाळी झारी घेऊन प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी थोडे थोडे पाणी घालण्याची जी सवय आईच्या तुळशीमुळे लागली होती, तीच येथे नडली. मे महिन्यात पाने पिवळी पडू लागल्यावर रोपे तहानलेली आहेत असे समजून मी पाणी वाढवले आणि जूनच्या अखेरीस ती उपटून पाहिली, तेव्हा मुळे काळी पडून कुजलेली होती.

टूसॉनमध्ये वर्षाला सुमारे ११ इंच पाऊस पडतो. सोलापूरचा पाऊस त्याच्या दुपटीहून अधिक आहे. मात्र टूसॉन ज्यात वसले आहे त्या सोनोरन वाळवंटात हा थोडासा पाऊस दोन हंगामांत येतो: हिवाळ्यात संथ, रेंगाळणारा आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये गडगडाटासह कोसळणारा. या दोहोंच्या मध्ये एप्रिल ते जून हा काळ जवळजवळ कोरडा जातो. येथील झुडपांना एकदा खोलवर भिजणे आणि मग दीर्घकाळ कोरडे राहणे, असाच क्रम मानवतो. आपला शेतकरी वाफसा आल्याशिवाय पेरणी करीत नाही, कारण चिकट ओल्या मातीत बियाण्याला हवा मिळत नाही; येथे पाणी देतानाही तोच विचार करावा लागतो, फक्त वाफशाच्याही पुढे जाऊन माती सुकू द्यावी लागते. तापलेली आणि सतत ओली असलेली माती मुळांना गुदमरवते व बुरशीला पोसते.

आता मी झुडपाला पाणी देतो ते सुमारे दोन फूट खोल मुरेपर्यंत देतो. ते कोठवर पोचले हे पाहण्यासाठी लोखंडी सळई पुरते. ओल्या मातीत ती सहज उतरते आणि कोरडा थर लागला की थांबते. रुजलेल्या झुडपांना भर उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा पाणी मिळते, हिवाळ्यात पाऊस झाला तर मुळीच नाही. दुष्काळ सोसणारे झुडूप म्हणजे लावल्या दिवसापासून दुष्काळ सोसणारे, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. लागवडीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात माझ्या रोपांना आठवड्यातून एकदा पाणी द्यावेच लागले. ठिबकची तोंडे बुंध्याशी ठेवू नयेत. झुडूप पसरेल तशी ती फांद्यांच्या कडेपर्यंत सरकवावीत, कारण पाणी शोषणारी मुळे बहुतांशी तेथे आणि त्याबाहेर असतात. छपराचे पाणी मी चर काढून बागेतील खोलगट आळ्यांत सोडले आहे. १,००० चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे २,३०० लिटर पाणी उतरते. ते रस्त्यावर वाहू देणे मला परवडत नाही.

लागवड मी ऑक्टोबरमध्ये करतो, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी मुळांना सहा-सात महिने मिळतात. खड्डा खोल नव्हे, रुंद घ्यावा आणि त्यात शेणखत घालू नये. येथील झुडपांना स्थानिक मातीच मानवते. अडचण येते ती कॅलिची नावाच्या चुनखडीच्या थराची. तो इतका कठीण असतो की पहारीने ठिणग्या उडतात, आणि पहिल्या वर्षी माझी सळई अडत होती ती कोरड्या मातीमुळे नव्हे, तर याच थरामुळे, हे मला फार उशिरा कळले. खड्ड्यात पाणी भरून ते दुसऱ्या दिवसापर्यंत मुरले नाही, तर मी जागा बदलतो.

छाटणीविषयी माझे मत ठाम आहे. येथील अनेक वसाहतींत टेक्सास सेज यंत्राने कातरून गोल चेंडूसारखा ठेवतात. जुलैमध्ये हवेत दमटपणा वाढला की हे झुडूप जांभळ्या फुलांनी भरून जाते, म्हणूनच त्याला हवामापक झुडूप असेही म्हणतात. पण वारंवार कातरल्याने कळ्या धरणारे शेंडेच जातात. मी हिवाळा सरताना काही जुन्या फांद्या बुंध्यापासून काढतो, बाकीचे जसे आहे तसे ठेवतो. ब्रिटलबुश या वाळवंटी झुडपाला तर पाणी कमी पडले की त्याची पाने अधिक लवदार व पांढरी होतात आणि ऊन परतवतात. जास्त पाणी दिल्यास ते हिरवेगार पण ढिसाळ वाढते.

तण काढताना मात्र मन चरकते. येथे सर्वांत हट्टाने उपटावे लागते ते बफेलग्रास, म्हणजे आपले अंजन गवत. गावाकडे ते गुरांचा उत्तम चारा मानतात. येथे चाऱ्यासाठीच आणलेले हे गवत वाळवंटात पसरले आणि वाळल्यावर वणवे पसरवू लागले.

माझे सर्वांत लाडके झुडूप चुपारोसा आहे. त्याच्या लालभडक नळीसारख्या फुलांवर हमिंगबर्ड येतात आणि वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते अडुळशाच्याच प्रजातीतले आहे. हे आईला फोनवर सांगितले, तेव्हा तिने लगेच विचारले, "मग खोकल्याच्या काढ्याला पाने चालतील का रे?" मी म्हटले, "आई, औषधाचे ठाऊक नाही, पण उन्हाळ्यात ते पाने गाळून नुसत्या हिरव्या काड्यांवर उभे असते. एका कपाचा काढा होईल एवढीही पाने त्याच्यावर नाहीत."