२१४ नंबरचा फोन कुठे आहे?

सोमवारी सकाळी नागपूरच्या गोदामातून मॅनेजरांचा मोबाइलवर फोन. "भाऊ, टेबलावरचे फोन एकेक करून बंद पडून राहिले ना. आधी बिलिंगचा गेला, आता डिस्पॅचचा पण गेला."

आमची ट्रान्सपोर्ट कंपनी. सगळ्या शाखांचे आयपी फोन, म्हणजे इंटरनेटवरून चालणारे, पुण्यातल्या ॲस्टरिस्क सर्व्हरवर (आमचं टेलिफोन एक्स्चेंजच ते) रजिस्टर होतात. त्यामुळे सर्व्हरशी संबंध तुटला की नागपुरात शेजारच्या टेबलावरचा फोनही लागत नाही, आणि हे कितीही समजावलं तरी कुणाला पटत नाही.

सर्व्हरवर मात्र नागपूरचे सगळेच्या सगळे फोन ९:५२ च्या सुमारास, मिनिटभरात 'अनरीचेबल', म्हणजे संपर्काबाहेर झालेले. तिकडे एकेक, इकडे एकदम! दोन्ही खरं होतं. सर्व्हर फोनना सारखी हाक मारत असतो, उत्तर आलं नाही की त्याला लगेच कळतं. फोनचं तसं नाही. फोन ठरावीक वेळाने सर्व्हरकडे हजेरी लावतो. आमच्याकडे मुदत ३६०० सेकंदांची. पुढची हजेरी हुकेपर्यंत त्याच्या स्क्रीनवर सगळं आलबेल दिसतं. ज्याची पाळी आधी, तो आधी 'गेला'.

इंटरनेट चालू होतं, म्हणून फेल-टू-बॅनची, म्हणजे संशयित पत्ते अडवणाऱ्या प्रोग्रामची, यादी उघडली. ५०६० पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं फोनसाठीचं दार, बाहेरून उघडा असला की रात्रभर कुणीतरी १००, १०१, १०२ असे नंबर आणि पासवर्ड लावून बघत असतं. त्यातलं एक टूल तर स्वतःची ओळख चक्क 'फ्रेंडली-स्कॅनर' अशी देतं. म्हणून पासवर्ड ठरावीक वेळा चुकला की तो आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बंद. यादीत आमच्याच नागपूरचा आयपी! सगळे फोन एका राउटरमागे, बाहेरून पत्ता एकच. चूक एकाची, शिक्षा सगळ्यांना.

बॅन काढला. काही मिनिटांत पुन्हा बसला. लॉगमध्ये एकच नंबर सारखा येत होता, एक्स्टेन्शन (कंपनीतला अंतर्गत नंबर) २१४. रजिस्टर करताना पहिलं उत्तर ४०१, म्हणजे 'आधी ओळख पटव', असं येतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही; सर्व्हर ओळख मागतो आणि फोन पासवर्डपासून गणित करून काढलेला संकेत, म्हणजे हॅश, पाठवतो. या पठ्ठ्याचा हॅशच चुकत होता, तरी तो थकत नव्हता. २१४ नोकरी सोडून गेलेल्या एका सुपरवायझरचा. ते गेल्यावर पासवर्ड बदलला होता आणि फोन, शीटनुसार, स्टोअरच्या कपाटात होता.

"कपाटात तर नाही जी," मॅनेजर म्हणाले. आज कुणी नवीन फोन लावला का? कुणीच नाही म्हणे. मग त्यांना एकेक फोन उलटा करून मागच्या स्टिकरवरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा ओळख-क्रमांक, वाचायला लावला. त्यांची चिडचिड ऐकत बसलो.

सापडला तो गेटच्या केबिनमध्ये. वॉचमनकाकांचा फोन बिघडला होता, म्हणून त्यांनी स्टोअरमधला आणून त्याच वायरला लावला. वीज त्याच वायरमधून येते, स्क्रीन उजळला, काकांच्या मते काम झालं.

मला तरी त्यांचा राग आला नाही. लँडलाइनला नंबर तारेचा असतो. कुठलंही डबडं जोडा, गेटचाच फोन वाजणार. आयपी फोनचा नंबर डबड्याच्या पोटात असतो आणि त्याच्याबरोबरच फिरतो. काकांनी नकळत जुन्या सुपरवायझरांना गेटवर आणून बसवलं होतं.

फोन फॅक्टरी रीसेट करायला सांगितला, प्रोव्हिजनिंग सर्व्हरचा (फोनला त्याची सेटिंग्ज देतो तो) पत्ता मॅनेजरांकडून त्यात टाइप करून घेतला. त्याच्या मॅकच्या नावाची फाइल मी सर्व्हरवर ठेवलीच होती. ती उचलून तो गेटच्या नंबरवर उभा राहिला. नागपूरचा आयपी स्थिर आहे, तो बॅनमधून कायमचा वगळला. आमच्या सिक्युरिटीवाल्याने नाक मुरडलं. मुरडू दे. गेटवरच्या एका फोनपायी अख्खं गोदाम मुकं होणं मला परवडत नाही. बाकीचे फोन परत आले तेही एकेक करूनच, आणि प्रत्येक फोनगणिक मॅनेजरांचा मला मोबाइल.

आता इतर शाखांच्या कपाटांत काय काय पडलंय ते शोधतोय. सगळ्यांकडून स्टिकरचे फोटो मागवलेत. व्हॉट्सॲपवर येतायत धडाधड, पण ८ कुठला आणि बी कुठला हे कळेल असा एक फोटो येईल तर शपथ.