आउटबोर्ड मोटरच्या बास बोटीचा वेग वाढवताना आलेला माझा अनुभव

बास मासा गळाने पकडण्यासाठी जी खास बोट बनवली जाते, तिचा तळ इतर मासेमारी बोटींपेक्षा वेगळा असतो. पुढे तो व्ही आकाराचा असतो, परंतु मागे ट्रान्समजवळ, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीजवळ, त्याच्या मधोमध एक अरुंद, सपाट पट्टा ठेवलेला असतो. या पट्ट्याला पॅड म्हणतात. पूर्ण वेगात बोटीचे जवळजवळ सगळे अंग पाण्याबाहेर येते आणि ती केवळ या पॅडवर धावते. त्यामुळे मोटरची उंची, प्रोपेलर, ट्रिम (मोटरचा आत-बाहेर कल) आणि वजन यांचा मेळ नीट बसला, तर त्याच मोटरवर तीच बोट ठळकपणे जास्त वेगाने पळते. हा मेळ बसवण्याचे काम मी माझ्या बोटीवर टप्प्याटप्प्याने केले, त्याची ही हकीकत आहे.

माझी बोट सुमारे २० फूट लांबीची, फायबरग्लासची आहे. मागे बाहेरून बसवलेली २०० अश्वशक्तीची आउटबोर्ड मोटर, गिअर गुणोत्तर १.७५ (मोटरचे १.७५ फेरे झाले की प्रोपेलरचा एक), आणि प्रोपेलर तीन पात्यांचा, स्टेनलेस स्टीलचा, २४ इंच पिचचा. काम सुरू केले तेव्हा थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मोटर ५,४०० आरपीएम (मिनिटाला फेरे) देत होती आणि वेग ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर मिळत होता. मोटरच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलची मर्यादा ५,००० ते ६,००० आरपीएम अशी दिलेली होती. आकडे वाईट नव्हते, परंतु या तळाची क्षमता त्याहून अधिक आहे अशी माझी खात्री होती.

कोणताही भाग विकत घेण्याआधी मी हिशेब मांडला, आणि हे काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो मांडावा असे मला मनापासून वाटते. पिच म्हणजे प्रोपेलर एका फेऱ्यात, पाणी घट्ट पदार्थासारखे वागले असते तर, जितका पुढे सरकला असता ते अंतर. आरपीएमला पिचने गुणायचे, आणि त्या गुणाकाराला गिअर गुणोत्तर व १,०५६ यांच्या गुणाकाराने भागायचे, की ताशी मैलांत सैद्धांतिक वेग मिळतो. माझ्या आकड्यांवरून तो ७०.१ येत होता. प्रत्यक्षात मिळत होते ६०. मधली १४.४ टक्क्यांची तूट म्हणजे स्लिप. थोडी स्लिप नेहमीच राहते, कारण पात्याने पाणी मागे ढकलल्याशिवाय बोट पुढे जात नाही. परंतु नीट जुळवलेल्या बास बोटीत ती १० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली आणता येते. केवळ वेगाचा आकडा पाहून कोणता बदल उपयोगी पडला हे ओळखता येत नाही. आरपीएम, वेग आणि स्लिप हे तीनही आकडे शेजारी शेजारी लिहिले की बोट कुठे अडते आहे ते दिसू लागते.

वेग मी जीपीएसवर मोजला. पाण्याच्या दाबावर चालणारा जुन्या पद्धतीचा वेगमापक मोठ्या वेगात फसवतो. वारा आणि प्रवाह यांचा परिणाम निघून जावा म्हणून प्रत्येक मोजणी पाण्याच्या एकाच टप्प्यात दोन्ही दिशांनी करून सरासरी घेतली. टाकीतले इंधन, बोटीवरची माणसे, तापमान आणि पाण्यावरची लहर हेही वहीत नोंदवले. उष्ण आणि दमट हवेत मोटरची ताकद कमी होते, आणि आरशासारख्या शांत पाण्यापेक्षा हलकी लहर असलेल्या पाण्यात तळ पाण्यापासून लवकर सुटतो. म्हणून दोन मांडण्यांची तुलना करायची असेल तर ती एकाच दिवशी, एकापाठोपाठ केलेली बरी.

नंतर मोटरची तपासणी. स्पार्क प्लग, इंधनाचा फिल्टर आणि कॉम्प्रेशन ठीक होते. मोटर बंद ठेवून, झाकण काढून, एका सोबत्याला थ्रॉटलचा दांडा शेवटपर्यंत ढकलायला सांगितले आणि मी आतल्या थ्रॉटलच्या झडपा पाहिल्या. त्या पूर्ण आडव्या होत नव्हत्या. केबल किंचित सैल होती. केबल ताणून घेतल्यावर जवळपास १०० आरपीएम वाढले. तळाखाली सरळ पट्टी धरून ट्रान्समजवळच्या शेवटच्या काही फुटांत खोलगटपणा आहे का तेही पाहिले. ट्रेलरचे आधार ट्रान्समपर्यंत पोहोचत नसतील तर मोटरच्या वजनाने तळ तिथे वाकतो, बोटीचे नाक खाली दाबले जाते आणि पुढचे सगळे श्रम वाया जातात. माझा तळ सरळ निघाला.

वजनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, परंतु ते टाळता येत नाही. अशा बोटीचा वेग ढोबळमानाने ताकद भागिले वजन यांच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. याचा अर्थ वजन १० टक्के कमी केले तर वेग सुमारे ५ टक्के वाढतो, आणि तेवढ्याच वाढीसाठी मोटरची ताकद १० टक्क्यांनी वाढवावी लागेल. खणांतले जास्तीचे शिसे, दुसरा नांगर, वर्षानुवर्षे न वापरलेले सामान आणि फळीखाली साचलेले पाणी काढले. ट्रोलिंग मोटरच्या (मासेमारी करताना बोट हळू सरकवणाऱ्या लहान विजेच्या मोटरच्या) तीन लेड-अॅसिड बॅटऱ्यांच्या जागी लिथियम बॅटऱ्या बसवल्या. सगळे मिळून जवळपास १०० किलो उतरले. आता मोटर ५,६०० आरपीएम देत होती आणि वेग ताशी ६३ मैल झाला होता.

यानंतर मोटरची उंची, आणि माझ्या मते या साऱ्या कामाचा प्राण इथेच आहे. मोटरचे खालचे अंग, म्हणजे गिअरकेस, पाण्यात जितके खोल तितका त्याचा अडथळा मोठा. मोटर वर उचलली की हा अडथळा कमी होतो. त्यासाठी ट्रान्सम आणि मोटर यांच्यामध्ये जॅक प्लेट लागते. ती मोटरला सरळ वर-खाली करते आणि शिवाय काही इंच मागेही नेते. मागे नेण्याचा फायदा असा की तळाखालून सुटलेले पाणी ट्रान्सममागे हळूहळू वर चढते, त्यामुळे प्रोपेलरची पाण्यातली पकड न सुटता मोटर अधिक वर ठेवता येते. आणि तरफ लांब झाल्याने बोटीचे नाकही सहज उचलले जाते. मात्र मोटरचे वजन मागे गेल्याने बोट पाण्यातून उठायला थोडी जड होते, हे धरूनच चालावे.

उंची मोजण्याची पद्धत नीट समजून घेतली पाहिजे. बोट ट्रेलरवर सपाट जमिनीवर उभी केली, मोटर अशी ट्रिम केली की प्रोपेलरचा दांडा पॅडला समांतर झाला, पॅडला चिकटवून एक लांब सरळ पट्टी मागे प्रोपेलरपर्यंत नेली आणि पट्टीच्या वरच्या कडेपासून दांड्याच्या मध्यापर्यंतचे अंतर घेतले. दांडा पॅडच्या साडेचार इंच खाली होता. या प्रकारच्या तळासाठी तीन ते साडेतीन इंचांपासून सुरुवात करावी असे साधारणपणे मानले जाते, म्हणजे माझी मोटर एक ते दीड इंच जास्त खोल चालत होती.

मी एका वेळी पाव इंच उचलत गेलो, आणि दुसरे काहीही बदलले नाही. सुरुवातीच्या पायऱ्यांवर आरपीएम आणि वेग दोन्ही वाढले आणि स्लिप उतरली. स्टिअरिंगवरचा जोरही हलका होत गेल्याचे हाताला जाणवत होते. या काळात माझे एक लक्ष सतत पाण्याच्या दाबाच्या काट्यावर होते. मोटरला थंड ठेवणारे पाणी गिअरकेसवरच्या छिद्रांतून आत जाते. ती छिद्रे पाण्याबाहेर येऊ लागली की वेगाच्या भरात मोटर काही क्षणांत तापून कायमची निकामी होऊ शकते. ज्या बोटीवर हा दाबमापक नाही, तिची मोटर वर उचलूच नये. तीन इंचांवर काटा स्थिर होता आणि दाब पुस्तिकेतल्या किमान आकड्याच्या बराच वर होता. त्याच्या पुढच्या पाव इंचावर काटा थरथरू लागला, आरपीएम चढले पण वेग तिथेच राहिला, आणि वळताना प्रोपेलरने हवा ओढून पाणी सोडले. आरपीएम वाढून वेग न वाढणे याचा अर्थ स्लिप वाढणे. हिशेबाच्या वहीने तेच दाखवले. मी परत तीन इंचांवर आलो.

प्रोपेलरची निवड उंची ठरल्यावर करावी, कारण उंची बदलली की त्याच प्रोपेलरचे आरपीएम बदलतात. पिच एक इंच वाढवला की साधारण १५० ते २०० आरपीएम कमी होतात. मी २५ पिच लावून पाहिला. एकट्याने, अर्ध्या टाकीवर वेग किंचित वाढला, परंतु दोन माणसे आणि पूर्ण सामान असताना बोट पाण्यावर यायला फार वेळ घेऊ लागली, म्हणून तो मी नाकारला. चार पात्यांचा प्रोपेलरही चालवून पाहिला. तो वळणात पाणी सुंदर धरून ठेवतो, मागची बाजू उचलतो आणि कमी वेगातही बोटीला पाण्यावर टिकवतो. खवळलेल्या पाण्यात रोज फिरणाऱ्याने तोच घ्यावा. तीन पात्यांचा प्रोपेलर मात्र नाक अधिक उचलतो आणि वरच्या टोकाला मैल-दोन मैल अधिक देतो. शेवटी मी २४ पिचचाच, परंतु पात्यांच्या मागच्या कडेला अधिक वळण, म्हणजे कप, असलेला तीन पात्यांचा प्रोपेलर ठेवला. हा कप उंचावरच्या मोटरलाही पाणी सोडू देत नाही. जुन्या प्रोपेलरच्या एका पात्याच्या पुढच्या कडेला नखात अडकेल एवढीच खाच होती. तेवढीसुद्धा मोठ्या वेगात पाण्याचा प्रवाह फोडायला पुरते, म्हणून कडा बोटाने चाचपून पाहण्याची सवय मी तेव्हापासून ठेवली आहे.

या मांडणीवर ५,८५० आरपीएम आणि ताशी ६८ मैल, म्हणजे सुमारे १०९ किलोमीटर, वेग मिळाला. सैद्धांतिक वेग ७६ येतो, म्हणजे स्लिप साडेदहा टक्के.

वेग वाढल्यावर ट्रिम नव्याने शिकावी लागली. निघताना मोटर पूर्ण आत, बोट पाण्यावर आली की थोडी थोडी बाहेर; नाक उचलत जाते आणि वेग चढत जातो. एका बिंदूनंतर नाक वर-खाली आपटू लागते किंवा केवळ आरपीएम चढतात, तिथून किंचित मागे यावे. माझ्या बोटीत ६५ मैलांच्या पुढे ती पॅडवर डावी-उजवीकडे डोलू लागली. अरुंद पॅडवर तोल सांभाळणाऱ्या बोटीचा हा स्वभावच आहे, परंतु स्टिअरिंगमधला ढिलेपणा त्याला खतपाणी घालतो. हायड्रॉलिक स्टिअरिंगमधली अडकलेली हवा काढून सांधे घट्ट केल्यावर डोलणे बरेच शमले. उरलेले चाकावरच्या लहान, वेळच्या वेळी दिलेल्या दुरुस्त्यांनी आवरते. डोल वाढतच गेला तर ट्रिम थोडी आत घेऊन वेग हळूहळू उतरवावा, थ्रॉटल एकदम सोडू नये.

६० वरून ६८ मैलांवर जाताना बोटीची गतिज ऊर्जा सुमारे २८ टक्क्यांनी वाढते. म्हणून लाइफ जॅकेट आणि मोटर बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी अंगाला बांधल्याशिवाय मी थ्रॉटलला हात लावत नाही, आणि सोबतच्या माणसालाही जॅकेटशिवाय बसू देत नाही.

ही मांडणी हलक्या बोटीसाठी आहे. मासे जिवंत ठेवण्याच्या टाक्या भरल्या की मागे १०० किलोहून अधिक पाणी येते आणि बोट खोल बसते. त्या वेळी मी जॅक प्लेट अर्धा इंच खाली घेतो, ट्रिम थोडी कमी ठेवतो आणि ताशी ६२-६३ मैलांवर समाधान मानतो. टाक्या रिकाम्या झाल्या की प्लेट पुन्हा तीन इंचांच्या खुणेवर येते.