आमची वाटचाल : चार मंद्या आणि एक गोदाम

आमचा व्यवसाय १९९९ मध्ये सुरू झाला. यंत्रांच्या आणि दूरसंचार उपकरणांच्या आत लागणारे केबल हार्नेस, म्हणजे ठरावीक मापाच्या तारा कापून, टोकांवर धातूचे तुकडे दाबून बसवून (क्रिम्प करून) आणि कनेक्टर बसवून तयार केलेले जुडगे, आम्ही बनवतो. या कामात मजुरीपेक्षा जास्त पैसा तांब्यात आणि कनेक्टरांत गुंतलेला असतो, त्यामुळे आमच्या व्यवसायाचा इतिहास हा बराचसा आमच्या गोदामाचा इतिहास आहे.

मार्च २००० मध्ये ५,००० च्या वर गेलेला अमेरिकेतील नॅस्डॅक हा शेअर निर्देशांक ऑक्टोबर २००२ पर्यंत तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळला, तेव्हा ती बातमी शेअर बाजारातल्या लोकांची आहे, असे आम्ही समजलो होतो. प्रत्यक्षात दूरसंचार कंपन्यांनी गरजेपेक्षा कितीतरी जास्त ऑप्टिकल फायबर टाकून ठेवले होते आणि नवी उपकरणे घेण्याचे त्यांना काही कारणच उरले नव्हते. आमचे दोन तृतीयांश काम ज्या एका ग्राहकाकडून येत असे, त्याने एका फॅक्सने सगळ्या ऑर्डरी थांबवल्या. त्यानंतर आम्ही लिफ्ट, शेतीची यंत्रे, वैद्यकीय उपकरणे अशा वेगवेगळ्या क्षेत्रांत ग्राहक जोडले आणि आता आपण सुरक्षित आहोत, अशी समजूत करून घेतली.

१५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्या समजुतीला अर्थ उरला नाही, कारण या वेळी सगळी क्षेत्रे एकदम आखडली. सुरुवातीला ऑर्डरी रद्दही झाल्या नाहीत. थांबले ते पैसे. एका बँकेचे पतपत्र, म्हणजे खरेदीदाराच्या वतीने दिलेली पैशांची हमी, दुसरी बँक स्वीकारायला कचरू लागली, तयार माल पडून राहू लागला आणि साठ दिवसांची उधारी दीडशे दिवसांवर गेली. एप्रिल २००९ मध्ये लंडनला भरलेल्या जी-२० परिषदेला व्यापारी पतपुरवठ्यासाठी २५० अब्ज डॉलरची घोषणा करावी लागली, यावरून ही अडचण किती खोल होती हे दिसते. (अमेरिकेतील मंदीच्या तारखा ठरवणाऱ्या नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चने ती मंदी डिसेंबर २००७ मध्येच सुरू झाल्याचे १ डिसेंबर २००८ रोजी जाहीर केले. आमच्या येण्यांच्या वहीला ते बरेच आधी कळले होते.) त्यातच जुलै २००८ मध्ये टनाला ८,००० डॉलरच्या वर असलेले तांबे वर्षअखेरीस ३,००० च्या खाली आले आणि चढ्या भावात, कर्ज काढून भरलेली तार आमच्या गळ्यात पडली. तेव्हापासून पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा करायचा नाही, असा नियम आम्ही केला आणि बारा वर्षे तो अभिमानाने पाळला.

त्याच नियमाने २०२० नंतर आम्हाला अडचणीत आणले. नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्चच्या हिशेबाने अमेरिकेतील २०२० ची कोविडकाळातली मंदी अवघी दोन महिन्यांची, म्हणजे नोंदलेल्या मंद्यांमधली सर्वांत छोटी होती. आमचा खरा त्रास मात्र मागणी परतल्यावर सुरू झाला. सहा आठवड्यांत मिळणाऱ्या कनेक्टरांसाठी वर्षभर थांबावे लागू लागले. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले, तेव्हा तर पंधरा दिवसांचा साठा हा शब्दच हास्यास्पद वाटू लागला. चार आण्यांच्या कनेक्टरापायी पूर्ण हार्नेस अडून राहत होते. मग आम्हीही एकच माल तीन पुरवठादारांकडे मागवला आणि ज्याचा आधी येईल तो घेतला. आमचे ग्राहकही आमच्याशी हेच करत होते, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही.

सध्याची मंदी या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. तिला २००८ सारखी तारीख नाही, लेहमनसारखा एका दिवशी बसलेला धक्का नाही. ग्राहक ‘पुढच्या तिमाहीत पाहू’ असे सौम्यपणे सांगतो आणि हजार नगांची ऑर्डर तीनशेवर येते. पूर्वीच्या मंदीत गोदामाच्या फळ्या रिकाम्या झाल्या की ऑर्डरी झपाट्याने परतत. या वेळी ग्राहकांच्या आणि आमच्याही फळ्या भरलेल्या होत्या, त्यामुळे उतार हळू आला आणि चढही हळूच येत आहे. शिवाय अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात व्याजदर शून्याजवळून ५.२५ ते ५.५० टक्क्यांपर्यंत नेला, इतर अनेक मध्यवर्ती बँकांनीही दर वाढवले, आणि स्वस्त कर्जावर भरलेल्या मालाचे व्याज महाग झाले. २०२१ मध्ये ज्याला आम्ही मागणी समजलो, ती बरीचशी भीती होती.

आता नव्या ऑर्डरीबरोबर आम्ही ग्राहकाला त्याच्याकडे आमचे किती नग शिल्लक आहेत, हे विचारतो. काहींना ते आवडत नाही, पण बहुतेक जण सांगतात. तार पुन्हा पंधरा दिवसांची ठेवली आहे आणि ज्या कनेक्टरांना पर्याय नाही, तेवढेच सहा महिन्यांचे. एका पुरवठादाराने जादा कनेक्टरांची काही खोकी कमी दराने परत घेतली. उरलेल्या खोक्यांवर २०२१ च्या तारखा आहेत आणि कनेक्टरांवरचा कथिलाचा मुलामा काळाबरोबर खराब होत असल्याने प्रत्येक खेपेआधी त्यांतले नमुने तपासून मगच ती वापरायला काढली जातात.