ढोलीवरचा कॅमेरा: डॉरमाऊस पान नेताना टिपला, भिंगावरचं धुकं मात्र हटेना

ही ढोली नुसती लपायची जागा आहे की घरटं, याचा अखेर तिच्यावर लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यात पुरावा मिळाला. मलबार स्पायनी डॉरमाऊस (पश्चिम घाटातला, झाडांवर राहणारा, उंदरासारखा काटेरी केसांचा प्राणी) तोंडात पान धरून ढोलीत शिरतोय, शेपटीच्या टोकाचा पांढुरका झुबका स्वच्छ दिसतोय. वँडेल्यूरिया, म्हणजे झाडांवर चढणारा लांब शेपटीचा उंदीर, असता तर शेपटी बारीक, झुबक्याविना असती. म्हणजे ढोली दिवसा लपण्यापुरती नाही, आत अस्तर घालणं चालू आहे.

मागच्या नोंदीतलं कोडं, ढोली वापरात असूनही कॅमेरा गप्प का, तेही सुटलं. पीआयआरला, म्हणजे प्राण्याची चाहूल घेऊन कॅमेरा चालू करणाऱ्या सेन्सरला, उष्णतेतली तफावत हवी आणि आडवी हालचाल. संध्याकाळी खोड कोमट असतं, आणि एवढासा जीव सरळ कॅमेऱ्याच्या रोखाने बाहेर आला तर सेन्सरचे पट्टे ओलांडतच नाही. संवेदनशीलता कितीही वाढवा, फक्त हलणारी पानं टिपली जातात. आता कॅमेरा बाजूच्या फांदीवर, ढोलीपासून ४५ सेंटीमीटरवर आहे.

इतक्या जवळून कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांनी (एलईडींनी) चित्र पांढरंफटक होतं. त्यावर उपाय म्हणून एलईडींवर प्लंबरच्या टेफ्लॉन टेपचे तीन थर पुरतात. पीआयआरची खिडकी मात्र उघडीच ठेवा. काच किंवा अ‍ॅक्रिलिकमधून अंगाची उष्णता पोचत नाही.

खरी डोकेदुखी फोकस. कारखान्यातून तो काही मीटरवर बसवलेला येतो. +२ चं भिंग लावलं की ४० ते ५० सेंटीमीटरवर येतो. वाचायच्या स्वस्त चष्म्याचं चालतं, ‘मॅक्रो किट’ म्हणून महाग विकतात त्यात वेगळं काही नाही. पण भिंग आणि कॅमेऱ्याची काच यांच्या फटीत दमट हवा अडकते आणि पहाटे गारवा आला की धुकं धरतं. परतणारा प्राणी नेमका तेव्हाच येतो. फट उघडी ठेवून पाहिली, तर ओंबील (झाडावरच्या लाल मुंग्या) आत शिरले. आता उपाय असा: कॅमेरा आणि भिंग सिलिका जेलसह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचे, बाहेर काढताच कडेने न्यूट्रल सिलिकॉन फिरवायचं. अ‍ॅसिटिक, म्हणजे व्हिनेगरच्या वासाचं, नको. त्याच्या वाफेने धातूचे भाग गंजतात.

दुसरा कॅमेरा शेजारच्या ढोलीवर लावायचा बेत होता. पण फोटोंचा क्रम पाहता पान घेऊन येणारा प्राणी खोडावरून नाही, आडव्या वेलीवरून येतोय. मग दुसरा कॅमेरा वेलीलाच. तिथे चाल आपोआप आडवी, अंतर दीड मीटर ठेवता येईल, भिंगाची गरजच नाही. जोडीला संध्याकाळी ६.३० ते ८ टाइमलॅप्स, दर ३० सेकंदांनी एक: १८० फोटो, कार्डाला काहीच नाही. बॅटऱ्या लिथियमच घाला.