एकादशीचे व्ह्यूज दशमीला कसे? यूट्यूब ॲनालिटिक्स एपीआयचा माझा अनुभव

आमच्या गावच्या सप्ताहातली कीर्तनं माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, यूट्यूबवर टाकतो. चॅनेल त्याचं, कॅमेरा त्याचा, माइकवाल्याशी भांडणंही त्याचीच. माझ्याकडे काम एवढंच, की आकडे काढून त्याला एक्सेल पाठवायचं. यूट्यूब स्टुडिओतून हाताने उतरवता आले असते, पण व्हिडिओ शेकड्यांनी झाले तसा मी ॲनालिटिक्स एपीआयकडे, म्हणजे प्रोग्रॅमने थेट यूट्यूबकडून आकडे मागवायच्या सोयीकडे वळलो. कोड लिहायला फारसं काही लागलं नाही. प्रश्न नेमका कसा विचारायचा हे कळायला वेळ गेला.

विनंती जाते ती एकाच पत्त्यावर. बाकी सगळी करामत त्या पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढे लिहायच्या पॅरामीटर्सची, म्हणजे काय हवं ते सांगणाऱ्या किमतींची. त्यातले चार द्यावेच लागतात: आयडीज, स्टार्टडेट, एंडडेट आणि मेट्रिक्स. आयडीजमध्ये ‘चॅनेल==माइन’ दिलं की ज्याच्या लॉगिनने परवानगी मिळाली आहे त्याचं चॅनेल धरलं जातं. सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमचं स्वतःचं खातं, इथे चालत नाही, म्हणजे परवानगी दादानेच द्यायला हवी. तो फोनवर म्हणाला, “अरे, हे ॲप तपासलेलं नाही म्हणतंय. दाबू का नको?” म्हटलं, “दाब, ॲप माझंच आहे.” “म्हणूनच विचारतोय,” म्हणाला.

मेट्रिक्स म्हणजे काय मोजायचं आणि डायमेन्शन्स म्हणजे ते कशागणिक मोजायचं. दिवसागणिक, व्हिडिओगणिक, देशागणिक. डायमेन्शन दिलंच नाही तर सगळ्या काळाची मिळून एकच ओळ येते. एककांकडे तेवढं लक्ष ठेवायचं: एकूण पाहिलेला वेळ मिनिटांत येतो आणि सरासरी वेळ सेकंदांत. दोन्ही रकाने शेजारी ठेवले की वाचणारा हमखास गोंधळतो.

मला आधी वाटायचं की कुठलंही डायमेन्शन कुठल्याही डायमेन्शनला जोडता येईल. तसं नाही. रिपोर्टचे साचे ठरलेले आहेत. साच्याबाहेरचं मागितलं की 400 क्रमांकाची चूक येते आणि क्वेरी सपोर्टेड नाही असं उत्तर. दादाला रोजचे आकडे देशवार हवे होते. त्यासाठी डायमेन्शन ‘डे’ ठेवायचं आणि देश फिल्टर्समध्ये, म्हणजे गाळणीच्या अटींत टाकायचा: ‘कंट्री==आयएन’. मग अमेरिकेसाठी वेगळी विनंती, दुबईकरांसाठी यूएईची वेगळी. दोन अटी एकत्र हव्या असतील तर मध्ये अर्धविराम, आणि एकाच अटीत अनेक किमती असतील तर स्वल्पविराम. शाळेत विरामचिन्हांवर इतका जीव टाकला असता तर बाई खूश झाल्या असत्या.

राज्यवार मागणीचं मात्र वेगळंच झालं. ‘प्रॉव्हिन्स’ हे डायमेन्शन फक्त अमेरिकेसाठी आहे, तेही देशाचं फिल्टर अमेरिका ठेवलं तरच. म्हणजे न्यू जर्सीत आमची कीर्तनं किती वेळ चालतात ते कळतं, विदर्भाचं कळत नाही. शहराचं डायमेन्शन वेगळं आहे, पण शहरं जोडून काही विदर्भ होत नाही. दादाला हे पटवणं एपीआयपेक्षा अवघड गेलं.

आता पानांचं, म्हणजे लांबलचक उत्तर तुकड्यातुकड्यांनी मागवण्याचं. इथे दोन पॅरामीटर्स: मॅक्सरिझल्ट्स म्हणजे एका वेळी किती ओळी आणि स्टार्टइंडेक्स म्हणजे कितव्या ओळीपासून. मोजणी 1 पासून होते, शून्यापासून नाही. 50-50 ओळी घेतल्या तर दुसरं पान 51 वर सुरू. मागितल्या त्यापेक्षा कमी ओळी आल्या की समजायचं, संपलं. सॉर्ट, म्हणजे ओळींचा क्रम, न देता पानं पाडू नयेत, आणि सॉर्टमध्ये नावाआधी वजाचं चिन्ह असेल तरच मोठ्याकडून लहानाकडे क्रम लागतो. शिवाय ताजे आकडे दोन-तीन दिवस हलत असतात, त्यामुळे एंडडेट मी तीन दिवस मागे ठेवतो. नाहीतर पहिलं पान आणून दुसरं मागेपर्यंत क्रम बदलायचा आणि एखादं कीर्तन दोनदा दिसायचं.

पण काही साच्यांना वरून झाकण आहे. सर्वाधिक पाहिलेल्या व्हिडिओंच्या रिपोर्टमध्ये मॅक्सरिझल्ट्स 200 च्या वर चालत नाही आणि सॉर्ट सक्तीचं. आमचे व्हिडिओ त्याहून जास्त, आणि दादाला तळाचेच बघायचे होते, कारण पहिले वीस त्याला तोंडपाठ आहेत. म्हणून मी उलटीकडून गेलो. यूट्यूबच्या डेटा एपीआयतून, म्हणजे व्हिडिओंच्या याद्या देणाऱ्या दुसऱ्या एपीआयतून, चॅनेलच्या अपलोड्सची प्लेलिस्ट घेतली. तिथली पानं वेगळ्या पद्धतीची: एका पानावर जास्तीत जास्त 50 व्हिडिओ, आणि पुढच्या पानासाठी उत्तरासोबत एक टोकन, म्हणजे खुणेची अक्षरं, मिळतं, तेच पुढच्या विनंतीत परत द्यायचं. टोकन आलं नाही की यादी संपली. त्या प्रत्येक पानावरचे व्हिडिओ क्रमांक स्वल्पविरामांनी जोडून ॲनालिटिक्सच्या व्हिडिओ फिल्टरमध्ये टाकले. त्या फिल्टरमध्ये 500 पर्यंत क्रमांक बसतात, पण आयत्या मिळालेल्या 50 च्या गड्ड्या सोयीच्या पडल्या. डायमेन्शनमध्येही ‘व्हिडिओ’ लिहायचं, नाहीतर पन्नासांची बेरीज होऊन एकच ओळ हातात येते.

लोक काय शोधून येतात, हा दादाचा सगळ्यात लाडका तक्ता. त्याला झाकण आणखी खाली: फक्त 25 ओळी. इथे पान उलटून काही मिळत नाही, मग मी तारखाच कापल्या. वर्षभराऐवजी एकेका महिन्याचे 25 शब्द मागवले आणि एक्सेलमध्ये एकत्र केले. कार्तिकात काकड आरती वर आली, सप्ताहाच्या दिवसांत काल्याचं कीर्तन. तीच काकड आरती लोक देवनागरीतही शोधतात आणि रोमनमध्येही. कुणी एक ए घालतं, कुणी दोन. ही यादी पाहून दादाने जुन्या व्हिडिओंच्या वर्णनात रोमन नावंही घातली.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते 2025 च्या आषाढीने. एकादशी 6 जुलैला होती. दिवसवार तक्ता पाहून दादाचा फोन: “एकादशीपेक्षा दशमीलाच लोक जास्त कसे? पहाटेची आरती तर आपण एकादशीला टाकलेली.” त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि तक्ताही बरोबर होता. एपीआयचा दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने चालतो. त्यांच्याकडे उन्हाळ्याची वेळ सुरू असताना तिथली मध्यरात्र म्हणजे आपली दुपारचे साडेबारा, हिवाळ्यात दीड. म्हणजे एकादशीची आख्खी सकाळ, पहाटेच्या आरतीसकट, 5 जुलैच्या खात्यात जमा झाली होती. वेळ बदलायला पॅरामीटर नाही आणि तासागणिक आकडेही या एपीआयत मिळत नाहीत. त्यामुळे आता सणाच्या दिवसाचा आकडा मी आदल्या तारखेसकट बेरीज करूनच देतो, आणि रकान्याच्या डोक्यावर तसं लिहितो.

एक कटकट अजून बाकी आहे. ॲप मी गूगलकडे ‘टेस्टिंग’ म्हणजे चाचणीच्या अवस्थेतच ठेवलंय, त्यामुळे मिळालेली परवानगी 7 दिवसांत संपते. दर वेळी एक्सेल काढायचं म्हटलं की आधी दादाला फोन, आणि त्याचा प्रश्न तोच: दाबू का नको?