तुम्ही विचारलंत म्हणून: कोरोनानंतर डोकं मंदावतं का?

“कोरोना होऊन गेला तवापासून डोस्कं पहिल्यासारखं चालत नाही जी. हे खरं असते का मनाचाच खेळ?” यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या गावात मी दवाखाना चालवतो, तेथे हा प्रश्न मला आजही विचारला जातो, आणि बहुधा विचारणाऱ्याच्या मागे उभे असलेले घरचे कोणीतरी “वय झालं आता” असे म्हणून तो तेथेच मिटवू पाहते. माझे उत्तर असे आहे की हा बदल खरा असू शकतो, तो शास्त्रीय पद्धतीने मोजला गेला आहे, आणि म्हणून अशी तक्रार करणाऱ्याला खोटे ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

एका बचत गटाच्या सचिव ताईंचे उदाहरण सांगतो. गटातल्या साऱ्या बायांची वर्गणी, कर्जाचे हप्ते आणि व्याज त्यांना तोंडपाठ असे. २०२१ च्या उन्हाळ्यात ताप-खोकला झाला, घरीच बऱ्या झाल्या, पण वास गेला. चुलीवरची फोडणी करपली तरी धूर डोळ्यांत जाईपर्यंत त्यांना कळत नसे. वास पुढे हळूहळू परतला. हिशेबाची वही मात्र त्यांनी माझ्यासमोर उघडली तेव्हा एकाच रकान्याची बेरीज तीनदा खोडून पुन्हा लिहिलेली होती, आणि शेजारी मुलीच्या अक्षरात खरा आकडा होता.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. मार्च २०२२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ग्वेनाएल डुओ व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे मोल असे की ब्रिटनमधील ‘यूके बायोबँक’ या प्रकल्पात अनेकांच्या मेंदूचा एमआरआय साथीच्या आधीच काढून ठेवलेला होता. त्यामुळे आजारानंतरचे चित्र पाहून आधीचे कसे असेल याचा अंदाज बांधावा लागला नाही, त्याच माणसाची आधीची आणि नंतरची अशी दोन्ही चित्रे शेजारी ठेवता आली. ५१ ते ८१ वर्षे वयाच्या ७८५ जणांचा दोनदा एमआरआय झाला. त्यांपैकी ४०१ जणांना मधल्या काळात कोरोनाचा संसर्ग झाला होता आणि ३८४ जणांना झालेला नव्हता. वय वाढते तसा मेंदू थोडा आकसतोच, पण संसर्ग झालेल्यांत, विशेषतः वासाशी जोडलेल्या भागांत, ही घट सरासरीने ०.२ ते २ टक्के अधिक दिसली. डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेल्या पुढच्या मेंदूच्या भागात आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसला लागून असलेल्या भागात करड्या द्रव्याचा, म्हणजे चेतापेशींनी भरलेला, थर अधिक पातळ झाला होता. आकडे व अक्षरे क्रमाने जोडण्याच्या चाचणीतही त्यांना अधिक वेळ लागू लागला होता. दवाखान्यात भरती व्हावे लागलेले केवळ १५ जण होते आणि त्यांना वगळले तरी फरक उरत होता, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण आपल्याकडे एप्रिल-मे २०२१ मध्ये छातीच्या सिटी स्कॅनचा ‘स्कोर’ किती आला एवढ्यावरच आजार मोठा की छोटा हे ठरवले गेले, आणि ज्यांचा स्कोर कमी होता किंवा ज्यांनी तो काढलाच नाही, त्यांच्या तक्रारींना नंतर कोणी विचारले नाही.

मात्र ही सरासरी आहे. त्या गटातल्या प्रत्येकाचा मेंदू आकसला असे नाही, आणि कोणा एका माणसाचा आजचा एमआरआय पाहून “हे कोरोनाने झाले” असे सांगता येत नाही, कारण त्याचे आधीचे चित्र आपल्यापाशी नसते. म्हणून केवळ विसरभोळेपणासाठी कर्ज काढून नागपूरला स्कॅन करायला निघालेल्यांना मी आधी थांबवतो.

हे घडते कसे, याचे पूर्ण उत्तर अजून हाती आलेले नाही. विषाणू नाकाच्या आतील अस्तरात वासाच्या चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींवर प्रामुख्याने हल्ला करतो. त्यातून वासाचे संदेश बंद पडले की ते घेणारा मेंदूचा भाग वापराविना रोडावत असावा. शिवाय शरीरभर उठलेला दाह मेंदूतील रोगप्रतिकारक पेशींना चेतवतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना इजा करतो. या कारणांपैकी कोणाचा वाटा किती, यावर संशोधन चालू आहे. बुद्धीच्या कामाबद्दल २०२४ मध्ये इंपिरियल कॉलेज लंडनच्या संशोधकांनी इंग्लंडमधील एक लाखाहून अधिक लोकांच्या ऑनलाइन चाचण्यांचे निष्कर्ष मांडले. पूर्ण बरे झालेल्यांत फरक लहान होता, लक्षणे रेंगाळलेल्यांत त्याहून मोठा आणि अतिदक्षता विभागात राहिलेल्यांत सर्वांत मोठा. ज्यांची रेंगाळलेली लक्षणे पुढे ओसरली, त्यांची कामगिरी लवकर बरे झालेल्यांच्या जवळपास आली होती, आणि हे मी रुग्णांना आवर्जून सांगतो.

तरीही सारा दोष कोरोनाच्या माथी मारण्याआधी आपल्या भागातली दुसरी कारणे तपासलीच पाहिजेत. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तक्षय, थायरॉइड, वाढलेली साखर, अपुरी झोप आणि उदासी या सगळ्यांनी लक्ष व स्मरण मंदावते, आणि यांतल्या प्रत्येकावर उपचार आहेत. कपाशीवर फवारणी करणाऱ्याला तर मी वेगळे विचारतोच. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. जे अशा विषबाधेतून वाचतात, त्यांच्यातही एकाग्रतेच्या तक्रारी राहू शकतात. आणि ज्या घरात २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाने माणूस गेला, तेथे दुःखाचे ओझे वेगळे मोजता येत नाही.

त्या ताईंच्या रक्तात बी-१२ कमी निघाले आणि इंजेक्शनांनी त्यांना बराच आराम पडला, पूर्ण नाही. आता त्या हिशेब सकाळी, घरात गलका नसताना, एका वेळी एकच पान असा करतात, आणि बेरीज दुसरी बाई तपासते. ज्यांना अशी तक्रार आहे त्यांनी येताना जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे आणि आजाराच्या आधीपासून त्यांना जवळून पाहणारे घरचे एक माणूस सोबत आणावे. बदल कधीपासून आणि कोणत्या कामात जाणवला, हे मला त्या माणसाकडूनही ऐकायचे असते.