होतान ते तवांग: ‘अंतर्गत मामला’ आपल्या सीमेपर्यंत कसा येतो

चीनविषयी काहीही लिहिलं की एक प्रश्न हमखास येतो. ‘गलवान आपला विषय आहे, मान्य. पण उइगुर आणि तिबेटी लोकांना चीन कसं वागवतो हा त्यांचा अंतर्गत मामला झाला. तुम्ही दोन्हींची सांगड का घालता?’ तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. ही सांगड चीननेच घातलेली आहे, आणि ती बघायला होतानपासून सुरुवात करावी लागते.

होतान हा चीनच्या वायव्येकडच्या शिनजियांग प्रांताच्या दक्षिण टोकाचा मोठा प्रशासकीय विभाग आहे. वस्ती जवळजवळ सगळी उइगुर मुसलमानांची. काराकोरम खिंडीतून लेहला येणारे व्यापारी काफिले एकेकाळी याच भागातून निघत. आपण लडाखचा भाग मानतो त्या अक्साई चीनचा, म्हणजे सुमारे 38,000 चौरस किलोमीटर प्रदेशाचा, बहुतेक कारभार चीन होतानमधूनच चालवतो. डिसेंबर 2024मध्ये या विभागात हे-आन आणि हे-कांग असे दोन नवे तालुके जाहीर झाले. त्यांचा काही भाग लडाखमध्ये येतो म्हणून भारताने जानेवारी 2025मध्ये निषेध नोंदवला. ही बातमी आपल्याकडे छापून आली. त्याच होतानमधली दुसरी गोष्ट मात्र फारशी कुणी वाचलेली नसते.

होतानमध्ये काराकाश नावाचा तालुका आहे. तिथली 137 पानांची एक सरकारी यादी 2020च्या सुरुवातीला बाहेर फुटली. तिच्यात, चीनने उइगुरांना डांबण्यासाठी उभारलेल्या छावण्यांमध्ये ठेवलेल्या 311 जणांची नोंद आहे. प्रत्येक ओळीत नाव, ओळखपत्राचा क्रमांक, राहती वस्ती आणि आत टाकण्याचं कारण. कुणी बुरखा घेत होती. कुणी पासपोर्टसाठी अर्ज केला होता. कुणाला ठरवून दिल्यापेक्षा जास्त मुलं होती. पुढच्या रकान्यांत नातेवाईक येतात: कोण नमाज पढतं, घरातलं वातावरण किती धार्मिक आहे, कोण कुठे काम करतं. शेवटी शेरा, सोडावं की ठेवावं. म्हणजे आतल्या माणसाची सुटका बाहेरचे घरचे लोक कसे वागतात यावर अवलंबून. घरच्यांनी तोंड का उघडलं नाही, असं विचारणाऱ्यांनी ही यादी एकदा समजून घ्यावी.

अशी नावं निवडली कशी जातात? पोलिसांच्या हातात एक अ‍ॅप असतं आणि ते सगळ्या शिनजियांगची माहिती एकत्र करणाऱ्या यंत्रणेला जोडलेलं असतं. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने 2019मध्ये ते अ‍ॅप उलगडून तपासलं. नेहमीपेक्षा जास्त वीज वापरणं, पुढच्या दाराऐवजी मागच्या दाराने ये-जा करणं, शेजाऱ्यांशी फारसं न बोलणं, परदेशी नातेवाइकाशी संपर्क असणं, यातलं काहीही संशयास्पद ठरतं. मग पोलीस घरी येऊन विचारपूस करतो आणि उत्तरं अ‍ॅपमध्ये भरतो. घातपात करू पाहणारा माणूस यात सापडायचा तो सापडो, पण रोजचं साधं जगणंच संशयाची खूण ठरवल्यावर जाळ्यात सगळा गावच येतो. 1 एप्रिल 2017पासून लागू झालेल्या स्थानिक नियमांनी तर ‘असामान्य’ दाढी ठेवणं हेसुद्धा अतिरेकीपणाचं लक्षण ठरवलं.

चीनची बाजूही नीट सांगायला हवी. 2009मध्ये शिनजियांगची राजधानी उरुम्चीच्या दंगलीत सरकारी आकड्यांनुसार 197 माणसं मेली, त्यांत हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाचे लोक जास्त होते. मार्च 2014मध्ये कुनमिंगच्या रेल्वे स्थानकावर सुरेधारी हल्लेखोरांनी 31 निरपराध लोकांचा जीव घेतला. कुठल्याही सरकारने असल्या गुन्हेगारांना पकडलंच पाहिजे. पण त्यासाठी जन्मदर खाली आणावा लागत नाही. चीनच्याच आकडेवारीनुसार शिनजियांगचा जन्मदर 2017मध्ये दर हजारी 15.88 होता, तो 2019मध्ये 8.14वर आला. दोन वर्षांत निम्मा. संवादाची भाषा करणारे उइगुर प्राध्यापक इल्हाम तोहती 2014पासून जन्मठेप भोगत आहेत. त्यांनी कुणावर सुरा उगारला नव्हता.

आता सीमेकडे येऊ. अक्साई चीन चीनला हवा कशासाठी होता? तिथे ना शेती, ना वस्ती. हवा होता तो रस्ता. 1950मध्ये चिनी फौज तिबेटमध्ये शिरली, पण पूर्वेकडून डोंगर आणि नद्या ओलांडून रसद पोचवणं फार कठीण होतं. पश्चिम तिबेटला जायचं तर शिनजियांगमधून येणारी वाट सोपी, आणि ती अक्साई चीनच्या पठारावरून जाते. 1957मध्ये तो रस्ता पूर्ण झाल्याचं चीनने जाहीर केलं. तिबेट ताब्यात ठेवण्यासाठी बांधलेला रस्ता भारताच्या दाव्यातल्या जमिनीवरून गेला आणि 1962च्या युद्धाचं एक मोठं कारण ठरला. सीमेचा हा तंटा तिबेटच्या ताब्यातूनच जन्माला आला आहे.

पूर्वेकडचं गणित आणखी थेट आहे. मॅकमहोन रेषा 1914च्या सिमला परिषदेत ब्रिटिश हिंदुस्थान आणि तिबेट यांच्या प्रतिनिधींनी ठरवली. ती रेषा मान्य करायची तर तेव्हा तिबेटला करार करण्याचा अधिकार होता हे मान्य करावं लागतं, म्हणजे पुढचा ताबाही प्रश्नांकित होतो. म्हणून चीन ती रेषा नाकारतो आणि अरुणाचलला ‘दक्षिण तिबेट’ म्हणतो. सहावे दलाई लामा अरुणाचलमधल्या तवांगजवळ जन्मले होते, हा धागा तो त्या दाव्यासाठी वापरतो. 2017पासून अरुणाचलमधल्या गावा-डोंगरांना चिनी नावं देण्याच्या याद्या निघत आहेत. तिबेटी धर्मपरंपरेचा आधार घेऊन जमीन मागायची आणि तीच परंपरा तिबेटच्या आत दाबून टाकायची, यातला खोटेपणा उघड आहे.

या धोरणाचं सगळ्यात ठोस रूप म्हणजे सीमेवरची नवी गावं. 2017नंतर तिबेटमध्ये भारत, भूतान आणि नेपाळच्या सीमांलगत 628 ‘संपन्न गावं’ उभी करण्याची योजना राबवली गेली. अरुणाचलच्या अप्पर सुबनसिरी जिल्ह्यासमोरचं युमाई हे त्यातलं नमुन्याचं गाव. काही वर्षं तिथे एक बाप आणि त्याच्या दोन मुली एवढेच राहत होते. ऑक्टोबर 2017मध्ये शी जिनपिंग यांनी त्या बहिणींना पत्र लिहून सीमेवर पाय रोवून राहण्याबद्दल शाबासकी दिली. मग रस्ता आला, वीज आली, एकसारख्या घरांच्या रांगा आल्या. अशा गावांत राहणाऱ्याला सीमेचा भत्ता मिळतो. त्याच्याकडून काम अपेक्षित असतं ते गुरं चारता चारता गस्त घालण्याचं. पक्का रस्ता आणि वीज तिबेटी गुराख्यालाही हवीच असते, त्यात वाईट काही नाही. पण कुठे राहायचं हे त्याने ठरवलेलं नसतं. स्थलांतराला नाही म्हणणाऱ्याच्या घरी अधिकारी होकार मिळेपर्यंत फेऱ्या मारतात, आणि हलल्यावर जुनं घर पाडून टाकायचं असतं, म्हणजे परतीची वाट बंद.

भाजीपाला धड पिकत नाही अशा उंचीवर एवढा खर्च कशासाठी? एप्रिल 2005च्या भारत-चीन कराराच्या सातव्या कलमात सीमाभागात वसलेल्या लोकसंख्येच्या रास्त हिताचं रक्षण करायचं असं ठरलं आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ तवांग सुरक्षित, असा लावला गेला. चीन दुसऱ्या बाजूने नवी लोकसंख्याच वसवतो आहे. 1 जानेवारी 2022पासून लागू झालेल्या त्यांच्या भू-सीमा कायद्याने या वसाहतींना पाठबळ दिलं आहे. भूतानच्या हद्दीत तर अशी गावं प्रत्यक्ष उभी आहेत. भारतानेही 2023मध्ये आपल्या सीमेवरच्या गावांसाठी 4,800 कोटी रुपयांची ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ योजना आणली. तिथे लोकांनी राहावं तर त्यांना शाळा आणि डॉक्टर लागतील, नुसत्या पाट्या लावून कुणी थांबणार नाही.

माणसं हलवणं आणि पाळत ठेवणं या दोन्हींची तालीम आधी तिबेटमध्ये झाली. छन छुआनक्वो 2011 ते 2016 तिबेटमध्ये कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख होते. चौकाचौकात छोट्या पोलीस चौक्या, गावोगावी मुक्कामाला पाठवलेले अधिकारी हे सगळं त्यांच्या काळात बसलं, आणि 2016मध्ये तेच गृहस्थ शिनजियांगला गेले. तिबेटी मुलांना मोठ्या संख्येने निवासी शाळांत घालून मँडरिनमधून शिकवलं जातं. ही संख्या दहा लाखांच्या घरात असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी 2023मध्ये म्हटलं. 2008पूर्वी दरवर्षी दोन-अडीच हजार तिबेटी नेपाळमार्गे भारतात येत. आता बोटांवर मोजण्याइतके येतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत 1972पासून आहे. तिकडे राहिलेल्या नातेवाइकाला फोन करणं म्हणजे त्याला चौकशीला बोलावून घेण्यासारखं झालं आहे, म्हणून अशा घरांतल्या बातम्याही आटल्या.

अंतर्गत मामला म्हणून गप्प बसणं भारताने करून पाहिलं आहे. ऑगस्ट 2022मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने शिनजियांगमधले प्रकार मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असा अहवाल दिला. त्यावर नुसती चर्चा व्हावी का, यासाठी 6 ऑक्टोबरला जिनिव्हात मानवी हक्क परिषदेत मतदान झालं. 17 बाजूने, 19 विरुद्ध, 11 तटस्थ. तटस्थांत भारत होता. गलवानमध्ये 20 जवान गमावून तेव्हा अडीच वर्षंही झाली नव्हती. त्या मौनाच्या बदल्यात सीमेवर काही सवलत मिळाल्याचं दिसत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये अरुणाचलच्या नावांची नवी यादी आली.

यापुढची कसोटी दलाई लामांच्या वारसाची आहे. लामांच्या पुनर्जन्माला सरकारी मंजुरी हवी असा नियम चीनने 2007मध्येच केला. पंचेन लामा हे तिबेटी परंपरेतलं दलाई लामांच्या खालोखालचं धर्मपद. 1995मध्ये दलाई लामांनी ओळखलेला सहा वर्षांचा पंचेन लामा चीनने ताब्यात घेतला, तो पुन्हा जगाला दिसला नाही. जुलै 2025मध्ये दलाई लामांनी वारस ठरवण्याचा अधिकार आपल्या न्यासाचाच असल्याचं जाहीर केलं. दोनच दिवसांनी दिल्लीने श्रद्धेच्या बाबींवर सरकार भूमिका घेत नाही असं सांगितलं. पण चीनच्या मर्जीतला दलाई लामा उद्या तवांगच्या मठावर हक्क सांगू लागला, तर तो प्रश्न श्रद्धेचा राहणार नाही. त्याचं उत्तर दिल्लीला आजच तयार ठेवावं लागेल.